मोजणाऱ्याचे डोळे

विद्यापीठाच्या जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक लांबट खोली आहे. मधोमध टेबल, भोवती नऊ खुर्च्या, आणि कडी मोडल्यामुळे कधीच नीट न लागणारी एक खिडकी. ऑनर्सचं मंडळ इथे बसतं. ऑनर्स म्हणजे निवडक मुलांचा खास अभ्यासक्रम. शेवटी स्वतःचा प्रबंध लिहायचा आणि पदवीच्या कागदावर एक जादा ओळ मिळवायची. त्या एका ओळीसाठी मुलं जिवाचं रान करतात. मंडळावर पाच विद्यार्थी आणि चार शिक्षक, आणि कागदोपत्री तरी सगळ्यांचं मत एकाच वजनाचं. कुणाला घ्यायचं, कुणाची मुदत वाढवायची आणि कुणाला नारळ द्यायचा, हे या नऊ जणांनी ठरवायचं.

आता शिक्षक आणि विद्यार्थी एका टेबलाशी बसवले म्हणून काही ते एका पातळीवर येत नाहीत. मंडळ नवीन होतं तेव्हा मतदानाची वेळ आली की मुलं आधी सरांच्या हाताकडे बघायची आणि मग आपला हात हलवायची. गुण देणारा हात तोच ना! म्हणून कुणीतरी शहाण्याने प्रथा पाडली की मत देताना सगळ्यांनी डोळे मिटायचे. एकाने तेवढे उघडे ठेवायचे, तो मोजणारा. त्याने स्वतः मत द्यायचं नाही. खिडकीपाशी उभं राहायचं, वर झालेले हात मोजायचे आणि फक्त आकडा सांगायचा. आकड्यापलीकडे त्या हातांबद्दल एक शब्द जरी बोलला, आत किंवा बाहेर, तर ते मतदान रद्द आणि मोजणाऱ्याची मंडळातून रवानगी. मोजण्याची पाळी खुर्चीच्या क्रमाने फिरते. आजवर कुणी तोंड उघडलेलं नाही, अशी मंडळाची ख्याती आहे.

वकीलबाईचा ख्यातीबितीवर विश्वास नव्हता. ती वकील नव्हती, इतिहास शिकणारी शेवटच्या वर्षाची मुलगी होती, पण कुणी “सहज आलो” म्हणालं तरी “सहज म्हणजे कुठून?” असं विचारायची, म्हणून हे नाव पडलं. दोष सगळा तिचाही नव्हता. तिचे बाबा विमा कंपनीत तपासनीस. कुणाचं दुकान जळालं की ते खरंच जळालं की जाळलं, हे बघायला बाबा जाणार. लहानपणी तिने घाबरत घाबरत बरणी फुटल्याचं सांगितलं, तर बाबा रागावले नाहीत, काचा कुठल्या बाजूला उडाल्यात ते खाली वाकून बघू लागले. अशा घरात वाढलेल्या पोरीला जागोजागी पाणी मुरताना दिसलं नाही तरच नवल. मुलांनी तिला मंडळावर निवडून दिलं ते याच गुणामुळे. शिक्षकांवर नजर ठेवायला आपलं एक तिखट माणूस असलेलं बरं, असा त्यात हिशोब होता.

आणि या वेळी प्रकरण आलं ते तिच्याच खोलीतलं.

तिच्या खोलीत राहणाऱ्या मुलीला सगळे शेवाळी म्हणत. ओल्या भिंतींवर वाढणाऱ्या शेवाळावर तिचा प्रबंध होता, आणि खोलीतल्या खिडकीत, कपाटावर, एकदा तर वकीलबाईच्या उशीशेजारीसुद्धा, हिरव्या पाण्याच्या बाटल्या असायच्या. पोरगी मनाने सोन्यासारखी, कामात वेंधळी. सुट्टीत प्रयोगशाळेतलं थंड कपाट बंद पडलं आणि तिचं दीड वर्षाचं शेवाळ मेलं. सहामाही अहवाल चुकला. मंडळाने मुदत दिली. तिने पुन्हा पहिल्यापासून वाढवायला घेतलं, आणि दुसरी मुदतही चुकली. दोन मुदती चुकल्या की माणसाला ऑनर्समध्ये ठेवायचं की नाही, याचं मतदान होतं. काढलं तर प्रबंध तिथेच संपला, प्रयोगशाळेतली जागा दुसऱ्याला गेली, आणि ज्या संशोधन संस्थेने तिला पुढे घ्यायचं कबूल केलं होतं ती प्रबंधाशिवाय दारातही उभं करणार नव्हती. शेवाळी जेवत नव्हती. बाटल्या मात्र वेळच्या वेळी हलवत होती.

बैठकीत आधी विद्यार्थ्यांनी बोलायचं, तेही धाकट्यापासून, म्हणजे शिक्षकांचं ऐकून कुणी जीभ वळवू नये. सुरुवात जोडगोळीने केली. ही दुसऱ्या वर्षाची दोन मुलं, केस एकाच न्हाव्याने एकाच दिवशी कापल्यासारखे, बोलणंही तसंच. एक म्हणाला संधी द्यावी, दुसरा म्हणाला संधी द्यायलाच हवी. मग लांब्या. भौतिकशास्त्राचा, दाराला डोकं आपटू नये म्हणून कायम वाकून चालणारा. कपाट बंद पडलं त्यात तिचा काय दोष, असं तो म्हणाला. मग ताई. लग्न, मूल सगळं झाल्यावर पुन्हा शिकायला आलेली, सगळ्यांची ताई. तिने शेवाळीची मेहनत अशी रंगवली की शेवटी वकीलबाईला बोलायला फारसं उरलंच नाही. शिक्षकांचं सगळंच उलट. रसायनशास्त्राच्या बाई म्हणाल्या की यंत्रं बंद पडतातच, म्हणून शहाणा माणूस नमुन्यांचा दुसरा संच ठेवतो. संचालकबाईंना आज हिला सोडलं तर उद्या कुणाला अडवणार, ही चिंता. भाषेचे सर नुसतेच मान हलवत होते, ती होकारार्थी की नकारार्थी हे त्यांनाच ठाऊक. चौथे गणिताचे सर. त्यांची मोजण्याची पाळी, म्हणून ते गप्प.

डोळे मिटले गेले. शेवाळीला काढावं असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करायचा होता. वकीलबाईने दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले. खिडकीची कडी वाऱ्याने वाजत होती, एवढाच आवाज. मग सरांचा आवाज आला, “पाच.”

काढायला पाचच लागतात.

तो आकडा वकीलबाईच्या डोक्यात घर करून बसला. ऐकलं तेव्हा आधी रडू आलं, पण खोलीच्या दारापर्यंत पोचेस्तोवर रडू मागे पडून डोकं चालायला लागलं होतं. मत देणारे आठ. त्यातले आपण पाच विद्यार्थी, शिक्षक तीन. तिन्ही शिक्षकांनी हात वर केले असं धरलं, तरी होतात तीन. मग वरचे दोन हात आले कुठून?

तिने सरळ विचारायला सुरुवात केली. कॅन्टीनमध्ये ताईला गाठलं. ताईने हातातला घास खाली ठेवला आणि तिच्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणाली, “अगं, माझा हात मांडीवरून हलला पण नाही.” लांब्याला जिन्यात पकडलं. तो म्हणाला, वेडी आहेस का, मी कशाला वर करू. जोडगोळीला एकेकटं गाठणं शक्यच नव्हतं. दोघं एकदम “नाही” म्हणाले. झालं तर मग. चौघं आपली माणसं, चौघं छातीवर हात ठेवून सांगतायत, पाचवी ती स्वतः. खोटं बोलायला उरला कोण? डोळे उघडे असलेला एकटाच माणूस. साधं गणित होतं, आणि ते गणिताच्या सरांनीच बिघडवलं होतं.

त्या संध्याकाळी घरी फोन झाला तेव्हा तिने बाबांना सगळं सांगितलं. तोंड बंद ठेवायचा नियम मोजणाऱ्याला, आपल्याला नाही, असं तिने स्वतःला आधीच बजावून घेतलं होतं. बाबांनी नेहमीप्रमाणे मध्ये न बोलता ऐकलं. मग विचारलं, चौघांनीही तेच सांगितलं का? ती म्हणाली, हो, अगदी तेच.

“मग आधी त्या चौघांकडे बघ,” बाबा म्हणाले.

तिला राग आला. ती म्हणाली, ते माझे मित्र आहेत, त्यांना मी ओळखते. बाबा शांतपणे म्हणाले की ओळखीच्या माणसाचा दावा आला तर मी तो स्वतः तपासत नाही, दुसऱ्या तपासनिसाकडे देतो. ही विम्याची भानगड नाही बाबा, असं म्हणून तिने फोन ठेवला. जगात सगळ्यांवर संशय घ्यायला शिकवलेल्या पोरीला नेमका तिथेच संशय घ्यायचा नव्हता. आपला तो बाब्या, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी ती सरांच्या खोलीत गेली. सर आपला चहाचा कप बेसिनमध्ये विसळत होते. पुस्तकांच्या ढिगात एक खुर्ची मोकळी करून त्यांनी तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही. तिने विचारलं, “सर, ते पाच हात कुणाकुणाचे होते?”

सरांनी कप उपडा ठेवला, हात पुसले. “मी आकडा सांगितला,” ते म्हणाले. “त्यापुढचं तू विचारू नकोस. मी सांगणार नाही.”

तिने सगळा हिशोब त्यांच्यासमोर मांडला. मुलांनी नाही म्हटलंय, शिक्षक तीनच होते, तर पाच कसे? सर ऐकताना खिडकीबाहेर बघत होते. एकदा त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि परत मिटलं. तेवढं तिला पुरेसं होतं. खाई त्याला खवखवे. मग त्यांनी अचानक, शेवाळीचं नवं शेवाळ कसं वाढतंय, असं विचारलं, आणि वकीलबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. गळा कापायचा आणि वर तब्येत विचारायची. उत्तर न देता ती बाहेर पडली.

तिने उघड आरोप कुठेच केला नाही, हे खरं. ती फक्त प्रश्न विचारत गेली. ग्रंथालयात दोघांना, वसतिगृहात चौघींना, प्रत्येकाला तोच हिशोब मांडून शेवटी एवढंच, की तुम्हीच सांगा, पाच कसे होतात? प्रश्नाला पाय फुटायला वेळ लागत नाही. आठवडा संपायच्या आत मुलांच्या ग्रुपवर विनोद फिरू लागले की गणिताच्या सरांकडे तीन अधिक शून्य बरोबर पाच, पायऱ्या दाखवल्यास जादा गुण. वकीलबाई त्यांच्याच संख्याशास्त्राच्या तासाला बसायची. एका सकाळी सर वर्गात आले तर फळ्यावर मोठा हात काढलेला, त्याला आठ बोटं. वर्ग खाली मान घालून हसत होता. सरांनी फळ्याकडे पाहिलं, डस्टर घेतलं आणि वरपासून खालपर्यंत नीट पुसलं. मग तासाचा विषय लिहिला. तीस वर्षं त्या फळ्यावर लिहिणाऱ्या माणसाची ओळ त्या दिवशी खाली उतरत गेली. वकीलबाईने ते पाहिलं, आणि मनात म्हणाली, चोराच्या मनात चांदणं.

मंडळाच्या नियमात एक सोय होती. तीन सभासदांनी मागणी केली तर मतदान एकदा, एकदाच, पुन्हा घेता येतं, आणि त्या वेळी पुढच्या खुर्चीवरचा माणूस मोजतो. गणिताच्या सरांच्या पुढची खुर्ची वकीलबाईची. हे तिच्या पहिल्या दिवशीच लक्षात आलं होतं. आपले डोळे उघडे असताना कोण फसवतो ते बघूच, अशी तिची ईर्षा. सहीसाठी ती ताईकडे गेली, ताईने लगेच केली. लांब्या पेन शोधण्यात बराच वेळ घालवत राहिला, सगळे खिसे, मग दप्तर, मग परत खिसे. शेवटी वकीलबाईनेच आपलं पेन दिलं. त्याच्या वेंधळेपणाचं तिला हसू आलं.

दुसऱ्या बैठकीला गणिताचे सर येणार नाहीत असं सगळ्यांना वाटत होतं. ते आले, आपल्या खुर्चीवर बसले, आणि पाण्याचा ग्लास जवळ ओढला. शेवाळीला बाहेर जिन्यात बसवलं होतं. पुन्हा विद्यार्थी आधी बोलले, पुन्हा गोडच बोलले. ताई या वेळी फळ्यावरच्या हाताबद्दलही बोलली. म्हणाली की झाला तो प्रकार वाईट, पण मुलांचा विश्वास उडाला की असं होतं. मग शिक्षकांची पाळी. रसायनशास्त्राच्या बाई म्हणाल्या की मी स्वतः प्रयोगशाळेत जाऊन बघून आले, या वेळी तिने दोन संच ठेवलेत, दोन वेगळ्या कपाटांत. वकीलबाईला त्यातही डाव दिसला. वरवर मऊ बोलायचं आणि डोळे मिटले की हात वर करायचा, ही यांची जुनी रीत असणार. गणिताचे सर म्हणाले, मला काही सांगायचं नाही.

वकीलबाई उठून खिडकीपाशी गेली. पाठीला कडी टोचत होती. संचालकबाईंनी नेहमीचं वाक्य म्हटलं आणि आठ जणांनी डोळे मिटले.

डोळे मिटलेली माणसं किती निराळी दिसतात, हे तिने पहिल्यांदाच पाहिलं. आपल्याला कुणी बघत नाहीये अशी खात्री झाल्यावर चेहरा सैल पडतो. तिने आधी शिक्षकांच्या बाजूला पाहिलं, कारण बघायचं तिथेच होतं. संचालकबाईंचे हात टेबलावर, एकात एक गुंतलेले. भाषेच्या सरांचे हात घडी घातलेले. रसायनशास्त्राच्या बाईंनी पदर घट्ट धरला होता. गणिताच्या सरांचा उजवा हात ग्लासाभोवती होता आणि तिथेच राहिला. एकही हात वर नव्हता. तिच्या छातीवरचं ओझं उतरलं. शेवाळी वाचली, असं तिच्या मनात आलं, आणि तिने सहज, नियम म्हणून, दुसऱ्या बाजूला नजर वळवली.

ताईचा हात वर होता. सरळ, वर्गात उत्तर येणाऱ्या मुलीसारखा, कोपर कुठेही न टेकवता. लांब्याने कोपर टेबलावर ठेवून पंजा तेवढा उभा केला होता, जणू कुणी पाहिलंच तर डोकं खाजवतोय म्हणता येईल. जोडगोळीतल्या एकाने हळूच हात वर केला. त्याला अगदी खेटून बसलेल्या दुसऱ्यानेही केला. दोघांच्या बाह्या एकमेकींना लागतील इतक्या जवळ, आणि दोघांनाही पत्ता नाही.

तिने परत मोजलं. परत तेच चार हात.

तिला प्रथम काहीच वाटलं नाही. मग तिने खिडकीची चौकट धरली. मांडीवरून न हललेला हात तो हाच. मी कशाला वर करू म्हणणारा तो हा. ती या चौघांच्या चेहऱ्यांकडे बघत राहिली आणि तिला दुष्टपणा कुठे दिसेना, हे सगळ्यात वाईट होतं. ताई दमलेली दिसत होती. मूल तापाने फणफणलेलं असताना ताईने अहवाल वेळेवर दिला होता, मांडीवर त्याला घेऊन लिहिला होता, आणि कुणाकडे मुदत मागितली नव्हती. लांब्याचा प्रयोग दोनदा फसला होता, त्याने कुणाला सांगितलंसुद्धा नाही. शेवाळीला एकदा मिळालं, आता पुन्हा द्यायचं, आणि आम्ही काय मूर्ख म्हणून वेळ पाळली? हे उजेडात बोलायचं कुणाला धाडस नव्हतं. अंधारात त्यांनी ते सांगितलं होतं, मागच्या वेळीही, आजही. मागच्या वेळी हे चार, आणि एक कुणीतरी शिक्षक, बहुधा बाईच, ज्यांचं मत मधल्या दिवसांत प्रयोगशाळा बघून पालटलं. चार आणि एक पाच. सरांनी बरोबर मोजलं होतं. आणि हे सगळं माहीत असताना, ती त्यांच्या खोलीत उभी राहून त्यांना मुलांच्या खरेपणाचा हिशोब समजावत असताना, सर खिडकीबाहेर बघत गप्प बसले होते. फळ्यावरचा तो हात त्यांनी गप्प बसून पुसला होता. वकीलबाईला स्वतःची इतकी लाज याआधी कधी वाटली नव्हती.

“चार,” ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

डोळे उघडले, हात खाली गेले. चारवर कुणाला काढता येत नाही. संचालकबाईंनी सुटकेचा श्वास सोडला. जोडगोळी एकमेकांकडे बघून हसली. सगळं तिथेच संपायचं, पण ताईने तोंड उघडलं.

“मग मागच्या वेळी पाच कसे झाले?” ताई म्हणाली, आणि गणिताच्या सरांकडे वळली.

ताई ढोंग करत नव्हती, हे वकीलबाईला त्याही क्षणी कळलं. ताईला फक्त स्वतःचा हात ठाऊक होता. तिचा एक आणि त्या दिवशीचे तीन शिक्षक मिळून चार, पाचवा सरांनी खिशातून काढला, असं तिला मनापासून वाटत होतं. लांब्याचं तसंच, जोडगोळीचंही तसंच. चौघं चार चोर, आणि प्रत्येकाला वाटत होतं की चोरी आपण एकट्याने केली आणि दरोडा सरांनी घातला. चौघांच्याही नजरा सरांवर होत्या, आणि त्यात मनापासूनचा राग होता.

वकीलबाईला गप्प बसवेना. मतदान रद्द होईल, हे तिला माहीत होतं. पुन्हा घेतलं आणि एखाद्या शिक्षकाचं मन परत फिरलं तर शेवाळी गेली, हेही माहीत होतं. बाहेर जिन्यात ती पोरगी नखं खात बसली होती. तरी तिने तोंड उघडलं. “मागच्या वेळी सरांनी...”

“मागच्या वेळी माझी चूक झाली,” गणिताचे सर मोठ्याने म्हणाले.

सर तिच्याकडे बघत नव्हते, संचालकबाईंकडे बघत होते. एक हात दोनदा मोजला गेला असणार, असं ते म्हणाले. वय झालं, नजर राहिली नाही. इतिवृत्तात तसं लिहा, आणि आजचा आकडा चार आहे तो पक्का धरा, त्यावर आता चर्चा नको. मंडळावर यापुढे माझ्याऐवजी दुसऱ्या कुणाला घ्यावं. हे सगळं त्यांनी एका दमात, मध्ये कुणाला जागा न ठेवता सांगितलं, आणि सांगून झाल्यावर ग्लासातलं पाणी प्यायले.

आयुष्यभर आकड्यांशी इमान राखलेला माणूस आठ जणांसमोर खोटं बोलला होता, आणि ते खोटं आहे हे ऐकणाऱ्यांत तिला एकटीलाच माहीत होतं. संचालकबाईंनी लिहून घेतलं. लांब्या छताकडे बघत होता. वकीलबाई आपल्या खुर्चीवर येऊन बसली, सरांच्या शेजारी, आणि तिला त्यांच्याकडे मान वळवून बघता आलं नाही. बैठक संपली तेव्हा सर तिच्या मागून निघून गेले, जाताना तिची खुर्ची जरा आत सरकवून.

बाहेर शेवाळी ताईच्या गळ्यात पडून रडली. मग लांब्याच्या कंबरेला मिठी मारली, कारण त्याहून वर तिचे हात पोचत नव्हते. जोडगोळीला तिने दोन्ही बाजूंना धरलं. चौघांनीही तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि चौघांचे डोळे खरोखर ओले होते. हे साजरं करायला हवं असं ताईनेच ठरवलं, आणि सगळे चहाला या दोघींच्या भाड्याच्या खोलीवर आले. हिरव्या बाटल्यांमध्ये जागा करून कुणी पलंगावर बसलं, कुणी जमिनीवर. लांब्या सरांची नक्कल करत होता, डोळे बारीक करून हात मोजायची. एक, दोन, दोन, तीन. जोडगोळी हसून लोळत होती.

वकीलबाई बाहेर गॅलरीत कप विसळायच्या निमित्ताने उभी होती. कप कधीच विसळून झाले होते. शेवाळी तिच्यामागे आली, नाक लाल, चेहरा कितीतरी दिवसांनी माणसात आलेला.

“मी उद्या सरांकडे जाणार आहे,” शेवाळी म्हणाली. “त्यांना वाईट वाटत असेल गं. त्यांना सांगते, चूक कुणाचीही होते. मी माफ केलंय.”

वकीलबाईने नळ बंद केला. आतून हसण्याचा आवाज येत होता. ती एक शब्द बोलली आणि तो या गॅलरीबाहेर गेला, तर सगळं उलटं फिरणार होतं. न बोलावं तर उद्या ही पोरगी चांगल्या मनाने जाणार, त्या माणसासमोर उभी राहणार आणि त्याला क्षमा करणार. आणि तो मान खाली घालून ती घेणार, हे वकीलबाईला आता पक्कं ठाऊक होतं.

“सरांना माफ करायला जाऊ नकोस,” ती म्हणाली. “सर चुकले नव्हते. आणि हे कुठे बोललीस तर तू संपलीस.”

शेवाळीला आधी कळलं नाही. ती हसतच म्हणाली, म्हणजे काय, पाच होते? मग तिचं हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं. तिने हाताची बोटं एकेक करून मिटायला सुरुवात केली. शिक्षक तीन, ती पुटपुटली, आणि अंगठा पुढच्या बोटावर ठेवून थांबली. वकीलबाईने तिला थांबवलं नाही, मदतही केली नाही. शेवाळीने मान वर करून दाराकडे पाहिलं.

आतून ताईने हाक मारली की या गं लवकर, चहा निवतोय. शेवाळीने कपांचा ट्रे उचलला. तो हातात घेऊन ती आत गेली, एकेकासमोर वाकून कप ठेवत गेली. वकीलबाई दारात उभी राहून बघत होती.

“साखर कुणाला किती?” शेवाळीने विचारलं, आणि उत्तर देणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे ती जरा जास्तच वेळ बघत राहिली.